गेनबाच्या मांडीतली गोळी

मी शिशाची गोळी बोलतेय. बोरापेक्षा थोडी लहान. खर्ड्याच्या लढाईआधी निजामाच्या छावणीत कुणीतरी शिसे वितळवून साच्यात ओतले आणि मी जन्मले. माझा कुणावर राग नव्हता. बंदुकीत ठासली गेले, बत्ती लागली आणि मांजरी गावच्या गेनबा शिपायाच्या मांडीत जाऊन थांबले.

मराठ्यांच्या फौजेबरोबर पुण्याचे श्रीनिवास वैद्य होते. त्यांनी सळईने मला चाचपले. मी मोठ्या शिरेला टेकून बसले होते.

"काढायला गेलो तर रक्त थांबायचं नाही," ते म्हणाले. "राहू दे हिला आतच."

जखम त्यांनी इतक्या निगुतीने भरून आणली की नखाएवढा वण उरला. तेच पुढे गेनबाला नडले.

त्याला घोड्यावर मांड ठोकता येईना, नांगरामागे चालवेना. जखमी शिपायाला सरकारातून सालिना नेमणूक म्हणून ठरलेली रक्कम मिळे. त्यावरच आता त्याची चूल पेटणार होती. वैद्यांनी आपला अभिप्राय लिहून दिला. पाय लढाईतल्या गोळीने अधू झाला आहे, गोळी अजून आत आहे, काढल्यास जिवाला धोका आहे.

कचेरीतल्या कारकुनाने कागद वाचला, मग वण पाहिला.

"वैद्यबुवा, लढाईत जखमी झालेले आणि चिंचेवरून पडलेले, इथं सगळे सारखेच लंगडत येतात. गोळी आणून दाखवा."

"आणतो. सोबत प्रेतही आणावं लागेल. ठेवायला जागा आहे ना?"

तेवढ्यात गेनबाच हळूच म्हणाला, "काढा वैद्यबुवा. घरात दाणा तरी येईल."

दाराशी उभी असलेली त्याची बायको सरुबाई तडक आत आली. "आन् खायाला कोन बसनार? मला मानूस पायजे. तुमी गप ऱ्हावा."

वैद्यांनी गेनबाला तिथेच आडवे केले. "अहो, हात द्या इकडे," म्हणत त्यांनी कारकुनाची बोटे मांडीवर दाबली.

खरे सांगते, कुणी दाबले की मी बाजूला सरत असे. त्या दिवशी सरले नाही. बोट माझ्यावर आले आणि कारकुनाने चटका बसल्यासारखा हात मागे घेतला. मग त्याने विचारले, "दुखतं का रे?"

"थंडीत बोलती ती," गेनबा म्हणाला.

"वैद्यबुवा, खाली एक ओळ वाढवा. गोळी कारकुनाच्या हाताला लागली. आता वरून गोळीऐवजी माझी बोटं नाही मागवली म्हणजे झालं."

नेमणूक मिळाली. पुढची कितीतरी वर्षे मी त्या घरात सुखाने राहिले. थंडी पडली की गेनबाची मांडी ठणके. सरुबाई रुईचे पान चुलीवर धरी, त्याने शेकता शेकता विचारी, "काय म्हनती माजी सवत?"

"तुज्यापरीस गरीब हाय," तो म्हणे. "पर माहेरी जायाचं नाव घेत न्हाय."

मग दोघे हसत. मला ते हसू आतून ऐकू येई.

गेल्या भाद्रपदात तापाने गेनबा गेला. चितेत मी वितळले. तिसऱ्या दिवशी राख सावडताना त्याच्या धाकट्या भावाच्या, जयसिंगच्या, हाती एक वेडावाकडा गोळा लागला.

"शिसं हाय, वैनी," तो म्हणाला. "पुन्हा गोळी व्हईल ह्याची."

सरुबाईने हात पुढे केला. "नगं भावजी. हिचा संसार झालाय."

आता मी तिच्या उशाशी असते. माझा गोल आकार गेला, त्याचे मला काही नाही. मागणे एवढेच आहे. तिच्यामागे मी कुणाच्या हाती लागले, तर मला पुन्हा साच्यात ओतू नका.

काल पहिली थंडी पडली. सरुबाईने सवयीने रुईचे पान चुलीवर धरले. मग तिचा हात थांबला. पान निवण्याआधी तिने ते माझ्यावर ठेवले.