कांताबाईंचं नाव येईपर्यंत

मित्रांनो, मी इतिहास आहे. म्हणजे मी एक जुनी व्हिडिओ टेप आहे आणि अमेरिकेतल्या ॲन आर्बर गावात, एका तळघरात, ख्रिसमसच्या दिव्यांच्या गुंत्याखाली राहते. इतिहासाला बहुधा तिथंच जागा मिळते.

माझ्या जन्माला अर्थ आला तो इंग्लंडमधल्या लीड्स शहरात. कांताबाई मेश्राम तिथं टीव्हीच्या दिग्दर्शक होत्या. तिकडच्या टीव्हीवर नाटक बसवणारी पहिली भारतीय बाई, असं घरचे सांगतात. दुसरी एक बाईही स्वतःला पहिली म्हणवते. पण तिच्याकडे टेप नाही. स्टुडिओत पहिल्याच दिवशी एका नटानं कांताबाईंना चहा आणायला सांगितलं. त्यांनी आणला, त्याच्यासमोर स्वतः प्यायला आणि म्हणाल्या, "चला, सुरू करू या."

गिरणीत राबणाऱ्या बायकांचं ते नाटक. टीव्हीवर लागलं तेव्हा कांताबाई दुसऱ्या शूटिंगला स्कॉटलंडमध्ये होत्या. घरी त्यांच्या यजमानांनी, पंडितरावांनी, ते माझ्यावर उतरवून घेतलं. "नावासकट घ्या हो," असं कांताबाईंनी फोनवर बजावलं होतं. दिग्दर्शकाचं नाव सगळ्यांत शेवटी येतं.

त्या परतल्या तोवर पंडितरावांनी मला प्लास्टिकमध्ये गुंडाळलं होतं. "लावू नको, झिजेल. नातवंडांना दाखवू."

मित्रांनो, माझं फार कौतुक झालं. पाहुणे मला हातात घेऊन बघत. लावत कुणी नसे. बटण दाबल्याशिवाय मला बोलता येत नाही, नाहीतर तेव्हाच सांगितलं असतं.

पुढे कांताबाईंनी डॉक्टरांच्या, पोलिसांच्या मालिका केल्या. नाव पडद्यावर कितीदा तरी आलं. पण मन अडकलं ते न पाहिलेल्या पहिल्या नावात. नाटक दाखवणारी कंपनी बुडाली, मूळ टेप गेली. मग पंडितरावही गेले. कांताबाई मला पर्समध्ये घालून अमेरिकेत लेकीकडे, उपासनाकडे आल्या. इथल्या टेपांची पद्धत वेगळी, मशीनला माझी ब्रिटिश भाषा कळेना. पडद्यावर नुसत्या रेघा.

"आजी, धिस इज जस्ट लाइन्स," नात रोशनी म्हणाली. मी तळघरात गेले.

परवा त्याच रोशनीनं मला युनिव्हर्सिटीत नेऊन लॅपटॉपवर कन्व्हर्ट करून आणलं. सगळे सोफ्यावर बसले. शेवटी गिरणीचा भोंगा झाला. कांताबाईंनी चष्मा पुसला.

"आता येईल. उठू नका कुणी."

खट्. पडदा काळा. मग एक हसरा गृहस्थ नकाशासमोर येऊन सांगू लागला, उद्या लीड्सला पाऊस.

"बाबा ना, गोष्ट संपली की लगेच सगळं ऑफ करायचे," उपासना हळूच म्हणाली. "वीज जळते म्हणून. मग नाव आठवलं असेल, परत चालू केलं असेल..."

"म्हणून झिजेल, झिजेल करत होते होय!" कांताबाई हसायला लागल्या. "लबाड माणूस! इतकी वर्षं!" हसता हसता थांबल्या. "रोशनी, ते परत लाव गं."

"नाटक?"

"नाही. खट्."

रोशनीनं लावलं. नावाच्या जागचा तो काळा पडदा कांताबाईंनी पुन्हा पुन्हा पाहिला.

मित्रांनो, वस्तू जपा, पण वापरा. चांगल्या कपबशा काढा, टेपा लावा. भांडायचं असेल तर माणूस समोर असतानाच भांडून घ्या.

आणि हो, तेव्हा लीड्सला दुसऱ्या दिवशी पाऊस पडला नाही.