तीन ठिकाणचं पाणी

“गंगारामकाका, तुमची जीभ आसा काय चपलेचो तुकडो? माजो तरवो करपान चाललो आणि तुमी म्हणतास पाणी खारट!”

सत्यवती पदर खोचून बांधावर उभी होती. साठ सालच्या आषाढात पावसाने दहा दिवस दडी मारलेली, आचऱ्यातल्या तिच्या कुणग्यात, म्हणजे छोट्या खाचरात, भाताची रोपं माना टाकायला लागलेली. वरच्या तळीत व्हाळाचं, म्हणजे ओढ्याचं, पाणी भरलेलं, तळी आणि कुणग्याच्या मध्ये आडवी एक लाकडी फळी. ती उचलायचा मान गंगारामचा. पण आधी त्याने तळीत तीन ठिकाणी पाणी चाखायचं. तिन्ही गोड, तरच फळी वर. बांधापलीकडे खाडी होती ना! खारं पाणी एकदा शेतात शिरलं की वर्ष बुडालंच.

“खारट तां खारट, गो.”

“मियां आत्ताच चाखलंय. गोड आसा!”

“खंय चाखलंस?”

“हयच.”

“एकाच ठिकाणी? माका तिन्हीकडे खारट लागलां.”

सत्यवती आणखी भडकणार, एवढ्यात तिला म्हाताऱ्याचा उजवा गाल फुगलेला दिसला. ती तडक घरी गेली नि विहिरीचं पाणी तांब्यात घेऊन आली.

“ह्यां चाखा बघू.”

गंगारामने घोट घेतला, तोंड वाकडं केलं. “खारट.”

“आमच्या विहिरीचां तां! अख्खी वाडी पिता. गालात काय आसा?”

गंगाराम ओशाळला. दाढ ठणकत होती म्हणून सकाळपासून मिठाचा खडा दाबून ठेवलेला.

“तोंडात मीठ धरून मीठ शोधतास!” सत्यवतीला हसूच फुटलं.

त्याने खडा थुंकला, तांब्या संपेपर्यंत चुळा भरल्या. मग दोघं निघाली. व्हाळाच्या तोंडाशी गोड. मधोमध गोड. सत्यवतीने फळीला हात घातलासुद्धा.

“थांब. एक रवला.”

बांधाच्या पायथ्याशी त्याने घोट घेतला, बराच वेळ तोंडात धरला. मग तिच्यापुढे ओंजळ धरली. तिने चाखलं आणि थू करून टाकलं.

गवत बाजूला केलं तर कुर्लीने, खेकड्याने, पाडलेलं मुठीएवढं भोक. खाडीचं पाणी हळूहळू आत येत होतं.

सत्यवतीने फळीकडे पाहिलंच नाही. “आता माज्या रोपांचा काय?”

“मी भोक बुजवतंय. व्हाळाच्या पाण्यान खार उतारलो की परवा परत तिन्ही ठिकाणी चाखूया. तवसर कळशेन घाल विहिरीचां पाणी. अर्धो कुणगो तरी वाचात.”

“माज्या हातांचा काय होयत?” ती पुटपुटली, पण वळली घराकडेच.

गंगारामने बांधावरचं फावडं खांद्यावर टाकलं. “भरती लागली गो. पाणी चढायच्या आदी माका खाडीच्या अंगान भोक बुजवक जावक व्हया.”