मला पुसू नका, वाळू द्या!

"डॉक्टर, उंदरांचा दमा बरा होतो म्हणे, मग माझा का नाही?"

मित्रांनो, हा प्रश्न विचारायची पैज मैत्रिणींनी लावली होती. विचारणारी होती आमची शिट्टी. दम लागला की छाती वाजते, म्हणून वर्गाने ठेवलेलं हे नाव. आणि मी तिचा जुना स्पेसर, म्हणजे प्लास्टिकचं पोकळ नळकांडं. एका टोकाला औषधाचा पंप, दुसऱ्या टोकाला तिचं तोंड. फवारा आधी माझ्या पोटात थांबतो, मग तिच्या छातीत जातो. कारखान्यात माझे भाऊ ढिगाने होते, पण माझ्याच नशिबी ही बडबडी आली! पहिल्याच दिवशी तिने माझ्यावर बेडकाचं स्टिकर लावलं. आता बेडकाचा एकच डोळा उरलाय, पण आमची जोडी शाबूत आहे.

यंदा शाळेचं शिबिर डोंगरावर होतं. आईने निकाल देऊन टाकला होता, "दमा पूर्ण गेल्याशिवाय डोंगराचं नाव काढायचं नाही." म्हणून शिट्टीचा जीव त्या उंदरांत अडकला होता.

डॉक्टर हसल्या. "खरंय, स्टेम सेल टोचल्यावर उंदरांच्या श्वासनळ्यांची सूज उतरली. स्टेम सेल म्हणजे मूळ पेशी, त्यांच्यापासून शरीरातल्या दुसऱ्या पेशी तयार होतात. पण माणसांवर अजून अभ्यास चाललाय. वेळ लागेल."

"म्हणजे मी म्हातारी झाल्यावर काठी टेकत शिबिराला जाऊ?"

"थांब गं. औषध रोज घेतेस, तरी छाती वाजते कशी? बघू ते नळकांडं." त्यांनी मला उजेडात धरलं. "एवढं चकचकीत? पुसतं कोण?"

आईशेजारी बसलेले बाबा खुलले. त्यांचं चष्म्यांचं दुकान. "मीच! धुतलं की काचेच्या फडक्याने आतून-बाहेरून घासतो. डाग दाखवा, हरलो म्हणेन!"

"तिथेच घोटाळा झालाय. घासलेल्या कंगव्याला कागदाचे कपटे चिकटतात ना, तसं औषध आतच चिकटतं. साबणाच्या पाण्यात बुडवायचं आणि तसंच वाळू द्यायचं."

"अहो, सगळं जग चष्माच वाटतं तुम्हाला!" आई म्हणाली. बाबांचा चेहरा एवढासा झाला. मला वाईट वाटलं. मायेनेच तर घासायचे!

मित्रांनो, मला कौतुकाची चमक नको. माझं काम काय आहे ते ओळखून मला जपा, एवढंच मागणं आहे. तेव्हापासून मी खिडकीत आरामात वाळतो, आणि औषध जायचं तिथे जातं. हळूहळू शिट्टीची छाती गप्प झाली. तोंड मात्र झालं नाही!

परवा तपासणीहून आल्या आल्या तिने मला दप्तरात कोंबलं आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"आई, बाबा, डॉक्टर हो म्हणाल्यात. मी शिबिराला जाणार! उंदरांचं औषध माणसांना मिळेल तेव्हा रांगेत पहिली मीच असेन. पण तोवर घरात बसून वाट बघणार नाही, डोंगरावर बसून बघेन! आणि बाबा, ते फडकं आधी खाली ठेवा!"