फटीतली चिंधी

बायकोचा फोन आला की आधी वामेची चौकशी. "अहो, जेवली का ती?" मग माझा नंबर, तोही लागला तर.

वाम म्हणजे मासाच, पण अंगानं सापासारखी आणि तोंडाला सोंडेसारखं टोक. काचेच्या टाकीतल्या वाळूत दिवसभर स्वतःला गाडून घेते. बायकोनं हौसेनं आणलेली. दिसत नाही, बोलत नाही, गांडुळं खाते. असलं जनावर पाळायला अक्कल गहाण टाकावी लागते, असं मी तिला तोंडावर सांगितलं होतं. ती नुसती हसली.

लेकीला जुळं झालं आणि बायको 'जरा जाऊन येते' म्हणून गेली. त्या 'जरा'ला शेपूट फुटत गेलं. आधी बाळांची पोटं दुखली, मग लेकीची सुट्टी संपली, मग बाळांना आजीशिवाय झोप येईना. मला कुठे येते? पण हे सांगायचं कुणाला? लेकीच्या इवल्याशा घरात आधीच पाय ठेवायला जागा नाही, त्यात मी कुठे जाऊन पडू?

जाताना तिनं एकच बजावलं होतं. टाकीच्या झाकणाला, पंपाची नळी आत जाते तिथे, फट आहे. तीत कोंबलेली चिंधी काढायची नाही. वामेला निसटायला बोटभर जागा पुरते.

आता माझा जन्म शिलाई मशिनी दुरुस्त करण्यात गेला. भोकात चिंधी कोंबणं ही आमच्यात दुरुस्ती नव्हे, त्याला पाट्या टाकणं म्हणतात. ती चिंधी रोज डोळ्यांत खुपायची. शेवटी काढली, फटीचं माप घेतलं आणि प्लास्टिकची पट्टी कापायला दुकानात गेलो. तिथे एक गिऱ्हाईक बंद पडलेलं मशीन घेऊन माझ्या डोक्यावर येऊन बसलं. परतलो तोवर दुपार उलटली होती. पट्टी मात्र अशी चपखल बसली की मीच माझी पाठ थोपटून घेतली.

संध्याकाळी गांडूळ सोडलं. कुणी आलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तेव्हा आठवलं, मी दुकानात होतो तोवर फट उघडीच राहिली होती. फ्रीज ओढला, कपाट सरकवलं, बॅटरी घेऊन पलंगाखाली पालथा पडलो. चमच्याच्या दांड्यानं वाळू उकरली तर पाणी गढूळ झालं, बाकी काही नाही. गॅलरीचं दार उघडंच होतं, आणि शेजारची मांजर तिथेच लोळत असते. म्हणजे संपलं.

वामेसाठी मी रडलो नाही, खोटं कशाला बोलू? रडू आलं ते वेगळ्याच गोष्टीचं. 'तिला बघायला तरी यायला हवं,' असं बायको फोनवर म्हणायची. माझ्याबद्दल असं कधी म्हणाली नव्हती. तिला परत ओढणारं या घरात एवढं एकच होतं, आणि तेच मी घालवलं.

फोनवर मात्र ठोकून देत राहिलो. "जेवली का?" "जेवली. ढेकरसुद्धा दिला." फोन ठेवला की घर खायला उठायचं. मग टाकीसमोर खुर्ची ओढून ताट घेऊन बसायचो आणि त्या वाळूला दुकानातल्या गोष्टी सांगायचो. हो, मीच. हसा खुशाल.

एक दिवस जिभेवर खोटं येईचना. "अगं, ती गेली," मी म्हणालो. "चिंधी मी काढली. माझंच चुकलं."

पलीकडे नुसती बाळांची रडारड. आता ही मला फैलावर घेणार!

"म्हणजे घरात तुम्ही अगदी एकटेच?" तिनं विचारलं.

"हो."

"तुम्हाला सोबत म्हणून ठेवली होती हो मी तिला." ती म्हणाली. "थांबा, मी येते. लेक बघेल काहीतरी."

फोन ठेवून मी तसाच उभा राहिलो. सहज टाकीकडे नजर गेली. मागच्या मोठ्या दगडाखालची वाळू हलली. आधी सोंड आली, मग दोन बारीक डोळे. अगं भवाने! इतके दिवस कुठे तोंड लपवून बसली होतीस? गांडूळ धरलं, तर तिनं ते माझ्या बोटांतूनच ओढून घेतलं.

तेवढ्यात फोन पुन्हा वाजला.

"अहो, वाळू नीट बघितलीत ना? घाबरली की ती खोल जाऊन बसते. ती असेल, तर मी बाळांना दात येईपर्यंत इथेच थांबते."

मी वामेकडे बघितलं. ती निवांत गांडूळ गिळत होती.

"बघितली," मी म्हणालो. "कुणी नाही इथे."