निष्कलंक सेवेचं पदक

सरकारी काम आणि सहा महिने थांब म्हणतात. इथे तर निवृत्तीनंतर चांगली सव्वीस वर्षं लागली. नौदलाचं पदक आलं तेही टपालाने, पुठ्ठ्याच्या डबीत. सोबतच्या कागदावर छापलं होतं, ‘पंधरा वर्षांची निष्कलंक सेवा.’ खलाशीकाकांनी ते वाचलं आणि त्यांचं तोंड कडू झालं.

“अहो, हसा की जरा!” बायको म्हणाली. “पदक मिळालंय की नोटीस आलीय?”

“माझं नाही ते. बंब्याचं आहे.”

बंब्या म्हणजे जहाजाच्या इंजिनखोलीतला जोडीदार, एका ताटात जेवणारा. एकदा त्याची दाढ ठणकत होती म्हणून त्याची दुपारची पाळी काकांनी घेतली. साहेबाला विचारून नोंदवहीत नाव बदलायचं, असा नियम. पण तो पाळतंय कोण? त्या उकाड्यात काकांचा डोळा लागला आणि पंप कोरडा फिरून जळला. वहीत नाव बंब्याचं! चौकशीत त्याने चकार शब्द काढला नाही. सेवापुस्तकात लाल शेरा बसला, पदक कायमचं हुकलं. काका मात्र मूग गिळून बसले. घरी दोन लेकरं होती, नोकरीची भीती होती, सगळं खरं. पण बसले ते बसलेच. पुढे लाजेपायी बंब्यासमोर जायचंही टाळत राहिले.

“आणि हे मला आज सांगताय?” बायको कडाडली. “चपला घाला आणि निघा!”

बंब्याचं विजेच्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान शहराच्या दुसऱ्या टोकाला होतं. तो तांब्याची तार गुंडाळत बसला होता. केस पार पिकलेले, पोट मात्र तेवढंच. काकांनी डबी त्याच्यापुढे ठेवली.

“हे तुझं. पंप माझ्या हातून जळला, असं मी कचेरीला लिहून कळवतो.”

बंब्याने हात पुसून पदक उलटसुलट पाहिलं. “छान आहे रे. पण मला काय करायचंय? पाळी बदलायची गळ मीच घातली होती. बोललो असतो तर दोघंही बुडालो असतो. त्याचा राग मला एक दिवसही नव्हता.”

काकांना हायसं वाटलं. पण बंब्याचं संपलं नव्हतं.

“आई गेली, तू आला नाहीस. पोरीच्या लग्नाची पत्रिका पाठवली, तेव्हाही नाही. शेरा माझ्या पुस्तकात बसला, मग वाळीत मलाच का टाकलंस रे?”

“चुकलो,” काका एवढंच म्हणाले आणि लहान पोरासारखे हमसून रडले.

बंब्याने त्यांना रडू दिलं. मग डबी बंद करून त्यांच्या खिशात कोंबली आणि दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं.

“ते घेऊन जा,” तो म्हणाला. “पण लगेच जाऊ नकोस.”