कपाच्या नादाचे वरचे टोक

मी एक जुनी चेतापेशी आहे. किती जुनी, असे विचाराल, तर जिच्या डाव्या कानात मी राहते तिच्या जन्माच्याही काही महिने आधीची. कातडीच्या पेशी येतात आणि जातात. माझ्या जागी मात्र दुसरी कोणी येत नाही.

मित्रांनो, कानाच्या खूप आत गोगलगायीच्या शंखासारखी वळत गेलेली एक नळी असते. तिच्यात कोमट पाणी असते आणि कायमचा अंधार. तिथे मी जन्मले, हजारो बहिणींमधली एक. माझ्या अंगातून एक धागा फुटला आणि वाढू लागला. कुठे जायचे ते त्याला ठाऊक नव्हते. पण समोरून एक मंद बोलावणे येत होते. आवाज नव्हे, चवच म्हणा ना. शास्त्रज्ञ त्याला वाढघटक म्हणतात. ते एक प्रथिन असते. डोक्यावर बारीक केसांचा झुबका असलेली रोमपेशी आणि तिला टेकू देणाऱ्या शेजारणी ते पाझरतात. माझ्या धाग्याने त्याचा घोट घेतला आणि ती खबर हळूहळू माझ्या पोटापर्यंत आली : 'पोहोचलीस ना? मग राहा.' ज्यांना घोट मिळाला नाही त्या बहिणी विरघळून गेल्या. त्यांची मला अजून आठवण येते.

त्या घोटाने मला नुसते जगवले नाही, घडवलेही. शंखाच्या दाराशी एक घटक अधिक, आतल्या टोकाशी दुसरा. मी दाराशी होते, म्हणून चपळ झाले. टोकाकडच्या बहिणी संथ झाल्या. त्यांच्या वाट्याला ढोलासारखे जाड आवाज आले आणि माझ्या वाट्याला सर्वांत बारीक. बोलण्यातला 'स', किल्ल्यांची छनछन, एवढेच माझे जग. बाकीचे बहिणी सांगतात. आम्हा सगळ्यांचे मिळून ऐकणे होते ते वर, मेंदूत. म्हणून पुढची गोष्ट मी एकटीने ऐकलेली नाही.

जिच्या कानात मी राहते ती चिनी मातीच्या कपांच्या कारखान्यात काम करते. सगळे तिला कानताई म्हणतात. भट्टीतून निघालेला कप ती बोटाला अडकवते, लाकडी काडीने टिचकी मारते आणि ऐकते. चांगला कप लांबवर गातो. तडा गेलेला बद्द वाजतो. त्याच्या नादाचे वरचे टोकच तुटलेले असते. ते टोक माझे! त्या कामात माझ्याइतकी सुखी पेशी शोधून सापडली नसती.

तिच्या टेबलाला लागूनच कपांची बुडे घासणारे चाक होते. ते दिवसभर किंचाळायचे. म्हणून टेबलावरची जुनी रीत अशी, की उजव्या कानात कापसाचा बोळा घालायचा आणि डावा उघडा ठेवायचा. दोन्ही कान झाकले तर कप कसा ऐकायचा? बावीस वर्षे तो उघडा कान आमचाच होता.

आणखी एक रीत होती. भट्टीवाले काका दर शनिवारी तिच्यापुढच्या कपांच्या ताटात मुद्दाम एक तडकलेला कप सरकवायचे. त्याला ती दोघे चोरकप म्हणत. तिने तो पकडला की चहा काकांनी आणायचा. सुटला तर तिने. बावीस वर्षे चहा काकाच आणत होते.

चाक किंचाळले की माझा धागा रोमपेशीशी जोडलेला असतो तिथे सुजायचा. रात्रीत सूज उतरायची, पण पूर्वीइतकी पकड बसायची नाही. एके दिवशी ती जोडणी सुटली. मी तिथेच चाचपडत राहिले. पुढे माझी रोमपेशीही गेली. घोट आटला. शेजारणींकडून थेंब थेंब मिळत होता, तेवढ्यावर मी तगून होते.

माझ्याकडून आणि दाराजवळच्या बहिणींकडून काहीच येईना, तेव्हा वर मेंदूने एक विचित्र गोष्ट केली. त्याने रिकामी जागा स्वतःच भरली. कानताईच्या डोक्यात एक बारीक, गोड शीळ सुरू झाली. त्यामुळे बद्द कपही तिला गाणारा वाटू लागला.

पहिल्या शनिवारी चोरकप तिच्या तपासणीतून निसटला. काकांनी तो चांगल्या कपांमधून गुपचूप काढून घेतला.

"काका, आज चोर कुठाय?"

"अगं, टाकायचाच राहिला. विसरलो."

पुढच्या शनिवारीही विसरले. त्याच्याही पुढच्या.

"वय झालं हो तुमचं," ती हसून म्हणायची. "उद्या भट्टी पेटवायची विसराल."

काका हसत. तिच्यामागून सगळे कप स्वतः पुन्हा वाजवून बघत. त्यांना वाटे, आपण तिची अब्रू राखतो आहोत. इकडे चाक रोज किंचाळत होते आणि माझ्या आणखी बहिणींचे हात सुटत होते.

सहाव्या शनिवारी कानताई गंभीर झाली. "काका, माझी लेक म्हणते हे विसरणं साधं नाही. सोमवारी सुट्टी काढा. मी नेते तुम्हाला डॉक्टरांकडे. मुकादमांना सांगितलंय मी."

काका आत गेले आणि कापडी पिशवी घेऊन आले.

"हे घे, ताई. तुझे सहा चोर."

तिने काडी उचलली. एकेक कप वाजवला. सहाही गायले. तिला काही कळेना. मग तिने उजव्या कानातला बोळा काढून डाव्यात घातला आणि पुन्हा टिचक्या मारल्या. बद्द. बद्द. बद्द. चौथा तिने वाजवलाच नाही.

"सहा आठवडे, काका? एका शब्दानं बोलला नाहीत?"

"तुझं नावच कानताई. कुठल्या तोंडानं सांगू?"

"तोंड होतं की! चहा प्यायला होतं, सांगायला नव्हतं?"

ती रडत होती की रागावली होती, ते आमच्यापैकी कोणाला नीट ऐकू आले नाही.

सोमवारी डॉक्टरकडे दोघे गेले, पण तपासणी झाली तिची. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "गेलेल्या रोमपेशी परत येत नाहीत. तुटलेले धागे वाढघटक देऊन पुन्हा जोडता येतील का, यावर संशोधन चाललंय. त्याचं औषध आज माझ्याकडे नाही. उरलेलं सांभाळणं मात्र तुमच्या हातात आहे."

मुकादमांनी चाक भिंतीपलीकडे हलवले. कप आता दार लावलेल्या शांत खोलीत वाजतात आणि बाहेर येताना कानताई दोन्ही कान झाकते. डाव्या कानात ऐकण्याचे एक छोटे यंत्र बसले आहे. त्याने माझ्या उरलेल्या बहिणींना पुन्हा काम मिळाले आणि ती शीळही थोडी मंदावली.

गेल्या शनिवारी तिने उजव्या कानाशी कप धरून टिचकी मारली, थांबली आणि म्हणाली, "चोर! जा काका, चहा आणा. साखर विसरू नका."

तिचे हसणे मला बहिणींनी सांगितले. मी काहीच ऐकले नाही.

मित्रांनो, मी अजून इथेच आहे. अंधारात, कोमट पाण्याजवळ, शेजारणींच्या थेंबांवर. माझा धागा अजून त्या चवीची वाट पाहतो. तुमच्या कानातही माझ्यासारख्या हजारो आहेत आणि त्यांना बदली नाही. आवाज किंचाळू लागला तर दोन्ही कान झाका, एक नव्हे. आणि तुमच्या माणसाला काही ऐकू येईनासे झाले, तर पहिल्याच शनिवारी त्याला सांगा.