परसो तपासलेली जॅकेटं

पल्लवीला त्या रविवारी एका जागी बसवत नव्हतं. तलावाच्या धक्क्यावर ती या टोकापासून त्या टोकापर्यंत येरझारा घालत होती, आणि खुर्चीत बसलेले हणमंतराव तिच्याबरोबर मान इकडून तिकडे फिरवत होते.

"बसा की हो मॅडम! तुमच्या फिरण्यानं माझं डोकं गरगरायलंय."

हणमंतराव म्हणजे धक्क्यावरचे मुकादम. बोटी, दोर, जॅकेटं, सगळं त्यांच्या ताब्यात. जन्म हैदराबादच्या गौलीगुड्यातला, घरात मराठी, दारात दखनी आणि बाजारात तेलुगू. पल्लवी पक्की पुण्याची. तिथं तिनं पाण्यावरच्या बचावाचं रीतसर शिक्षण घेतलं होतं, आणि नवऱ्याच्या नोकरीपायी हैदराबादला आल्यावर बोटिंगच्या एका कंपनीनं तिला चालकांना शिकवायला ठेवलं होतं. आठवडाभर तिनं सगळ्यांचा जीव खाल्ला होता. जॅकेट कसं आवळायचं, पडलेल्याला पाण्यातून कसं ओढायचं, माणसं एका बाजूला गेली की बोट कशी कलंडते, भगवं निशाण दिसलं की मुकाट्यानं कसं परतायचं. बोट चालवणारा विजय तर शेवटच्या बाकावर चक्क डुलक्या काढत होता.

आता त्याच विजयच्या बोटीत पल्लवीच्या सासूबाई बसल्या होत्या. येरझारा उगाच नव्हत्या.

शोभाताईंना पाण्याची भीती किती, तर घरच्या टाकीत वाकून बघायच्या नाहीत. पुण्याहून सुनेकडे आल्या आणि "तुझं काम बघते, पण लांबून" म्हणाल्या. पल्लवीनं त्यांचा पिच्छाच पुरवला. दिवाणावर बसवून रंगीत तालीम घेतली. "काहीही झालं तरी जागेवरून उठायचं नाही. अंगात जॅकेट असणार. आणि आई, मी आहे ना!" त्या तीन शब्दांवर बाई देवाचं नाव घेत बोटीत चढल्या. सून धक्क्यावर राहिली, कारण कामावर असताना मजा करायची नाही, असा तिचा स्वतःचाच नियम.

बोट तलावाच्या मध्यावर पोचली. वारा सुटला होता.

"घ्या, चहा घ्या," हणमंतराव म्हणाले. "तुम्ही आमच्या माधवीच्या लग्नात पाहिजे होता. परसोच लावून दिलं. काय जेवण झालं म्हणता! खुबानीचं गोड लोकांनी पुन्हा पुन्हा मागून खाल्लं."

"अरे वा, अभिनंदन! जावई काय करतात?"

"आबिड्सला दुकान हाय कपड्याचं. नातू तर लई वस्ताद. यंदा शाळेत घातला."

पल्लवी हसली. मग तिचं हसू जागच्या जागी थांबलं.

"परवा लग्न झालं, आणि नातू शाळेत?"

"परवा कुठं म्हटलं मी? परसो म्हटलं."

"परसो म्हणजे कधी, हणमंतराव?"

पाणी म्हणजे काय, असं कुणी विचारावं तसे ते तिच्याकडे बघत राहिले. "परसो म्हणजे परसो. काल नाही, त्याच्या आधी कधीतरी. झालेलं."

पल्लवीनं चहा खाली ठेवला. सकाळी सासूबाईंना आणायला घरी जायची घाई होती. तिनं लांबूनच ओरडून विचारलं होतं, जॅकेटं तपासली का? आणि हणमंतरावांनी तितक्याच जोरात सांगितलं होतं, हौ मॅडम, परसोच! परवाच तपासली म्हणजे झालं की, असं म्हणून ती गाडीत बसली होती. ढिगातलं एकसुद्धा जॅकेट तिनं हातात घेऊन पाहिलं नव्हतं.

"ती जॅकेटं परसो तपासली म्हणजे कधी?"

हणमंतरावांनी डोकं खाजवलं. "तेच की... नवी आणली तवा. आता बघा, नातू तवा रांगत होता."

अगं बाई गं! पल्लवी जॅकेटांच्या कोठीकडे धावली. उरलेल्या जॅकेटांतलं एक उचललं, बंद ओढून पाहिले, पट्टे ठीक होते, रंगही झकास नारिंगी. तिनं ते पाण्यात फेकलं. तरंगलं. तिचा जीव जरा भांड्यात पडतोय तोच जॅकेटाची एक कड बुडाली, मग दुसरी, आणि स्पंजानं पाणी प्यावं तसं ते पीत गेलं. हणमंतरावांनी आकड्यानं वर ओढलं तेव्हा त्यातून धारा लागल्या. एका हातानं उचलवेना.

"या अल्ला," हणमंतराव पुटपुटले. मग विठ्ठलाचंही नाव घेतलं.

विजयचा फोन वाजत राहिला. इंजिनाच्या घरघरीत त्याला काय कप्पाळ ऐकू येणार! दुसरी बोट दुरुस्तीसाठी उघडून ठेवलेली. पल्लवीनं भगवं निशाण घेतलं, धक्क्याच्या टोकाला गेली आणि दोन्ही हातांनी हलवू लागली.

बोटीतल्यांना वाटलं, बाई टाटा करतेय.

आधी एक उठला. मग त्याच्या बायकोनं पोराला कडेवर घेतलं. बघता बघता सगळा घोळका या बाजूच्या कठड्याशी जमला, हात हलले, फोन निघाले. आणि बोट कलली. इतकी, की या बाजूचा कठडा पाण्याला टेकायला आलेला पल्लवीला इथून दिसला. जे होऊ नये म्हणून आठवडाभर घसा फोडला, तेच ती आपल्या हातानं करत होती. ओरडून तिथवर ऐकू जाणार नव्हतं.

निशाण टाकून ती धप्पकन खाली बसली. दोन्ही तळवे जमिनीकडे दाबू लागली. बसा, बसा, बसा! हणमंतरावांनाही ओढून खाली बसवलं.

तेवढ्यात तिला मोरपंखी साडी दिसली. सगळ्या बोटीत एकट्या शोभाताई आपल्या जागी होत्या. एका हातानं बाक घट्ट धरलेला, दुसरा हात हवेत. शब्द ऐकू येत नव्हते, पण तो हात पल्लवीच्या ओळखीचा होता. नवऱ्यापासून दूधवाल्यापर्यंत सगळे त्या हाताला वचकून होते. कडेवरच्या पोराची आई बसली. मग तिचा नवरा. मग एकेक करून सगळे. बोट सरळ झाली. वर्गात डुलक्या काढणाऱ्या विजयला निशाण बरोबर कळलं होतं. त्यानं वेग कमी करून, मोठं वळण घेऊन बोट हळूच माघारी आणली.

पल्लवीनं एकेकाला हात देऊन उतरवलं. शोभाताई शेवटी उतरल्या. चेहरा लाल, पण काय तो तोरा!

"एकाला अक्कल नव्हती! म्हटलं, माझ्या सुनेनं सांगितलंय, बसा खाली. मी नाही घाबरले हं. म्हटलं पल्लवीनं जॅकेट दिलंय, बुडेन कशी?"

पल्लवीला रडू फुटलं. "आई, ते जॅकेट मी बघितलंच नव्हतं. नुसतं विचारलं होतं."

शोभाताईंनी ओलं जॅकेट बघितलं. त्याच्याभोवती साठलेलं पाणी बघितलं. हणमंतरावांची खाली गेलेली मान बघितली. मग त्यांनी आपल्या छातीवरचे बंद सोडले. सुनेला हात लावू दिला नाही. धक्क्याच्या कडेला त्या आल्या, कधी नव्हे ते पाण्यावर वाकल्या आणि जॅकेट सोडून दिलं.

ते थोडा वेळ तरंगलं. मग पाणी पीत पीत खाली गेलं. पुढच्या फेरीसाठी रांगेत उभी असलेली माणसंही बघत होती. दिसेनासं होईपर्यंत शोभाताई हलल्या नाहीत.

"पल्लवी," त्या म्हणाल्या, आवाज अजिबात चढला नव्हता. "यापुढे मला 'मी आहे ना' म्हणायचं नाही. आधी बघून यायचं, मग सांगायचं."

मग त्या खुर्चीत जाऊन बसल्या. पल्लवीनं डोळे पुसले, कोठीतला ढीग ओढून बाहेर काढला आणि रांगेसमोर एकेक जॅकेट पाण्यात टाकायला सुरुवात केली.